उरलेले भ्रूण आणि पहिले शील



गेल्या पौर्णिमेला वंदना संपल्यावर एक आयुष्यमती मागे थांबल्या. सगळे पांगले तेव्हा त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. लग्नाला अकरा वर्षे होऊनही मूल नव्हते. शेवटी टेस्ट ट्यूब पद्धतीचा उपचार घेतला आणि मुलगी झाली. ती आता तीन वर्षांची आहे. विहारात सर्वांत मोठ्याने त्रिसरण म्हणणारी तीच. त्या उपचाराच्या वेळी तयार झालेले तीन भ्रूण रुग्णालयात गोठवून ठेवलेले आहेत. दुसरे मूल नको, असे दोघांचे ठरले आहे. आता रुग्णालय विचारते : वर्षाचे पैसे भरून भ्रूण पुढे ठेवायचे, नष्ट होऊ द्यायचे, की संशोधनासाठी द्यायचे? सही हवी आहे. सासूबाई म्हणतात, त्यात जीव आहे, सही करू नकोस. यजमान म्हणतात, डोळ्यांना धड न दिसणाऱ्या पेशी त्या, त्यांचे काय एवढे! आणि ताईंचा मला प्रश्न असा, "दादा, आपण पहिले शील घेतो. संशोधनाच्या रकान्यात सही केली तर ते मोडते का?"

मला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. देणे बरोबरही झाले नसते. हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. जगातील मोठमोठ्या संसदा, चर्चे आणि न्यायालये गेली पंचवीस-तीस वर्षे त्याच्याभोवती भांडत आहेत. तेव्हा या वेळचा पाठ त्या कागदाचाच घेऊ.

मूळ पेशी म्हणजे काय?

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींची कामे वाटलेली आहेत. कातडीची पेशी कातडीचे काम करते, रक्तातील पेशी रक्ताचे. पण गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत असे वाटप झालेले नसते. पाच दिवसांचा भ्रूण म्हणजे शे-दोनशे पेशींचा एक पोकळ चेंडू. आकार सुईच्या टोकाएवढा. बाहेरच्या थरातून पुढे वार बनते आणि आत एका बाजूला चिकटलेल्या छोट्याशा पुंजक्यातून मूल घडते. हृदय, मेंदू, हाड, यकृत, काहीही बनण्याची क्षमता त्या पुंजक्यातील प्रत्येक पेशीत असते. म्हणून त्यांना मूळ पेशी, इंग्रजीत स्टेम सेल, म्हणतात. १९८१ मध्ये इंग्लंडमध्ये मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी, व त्याच वर्षी अमेरिकेत गेल मार्टिन यांनी, उंदराच्या भ्रूणातून अशा पेशी वेगळ्या करून वाढविल्या. मानवी भ्रूणाच्या बाबतीत हे १९९८ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांना साधले.

या पेशी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढत राहतात. त्यांच्यापासून इन्सुलिन करणाऱ्या पेशी बनविता आल्या तर मधुमेहाच्या रोग्याला, मेंदूच्या पेशी बनविता आल्या तर कंपवाताच्या रोग्याला त्यांचा उपयोग होईल, ही आशा. परंतु तो पुंजका काढून घेतला की भ्रूण संपतो. सारा वाद या एका गोष्टीवर आहे.

हे भ्रूण येतात कोठून? टेस्ट ट्यूब उपचारात स्त्रीला इंजेक्शने देऊन एका वेळी अनेक स्त्रीबीजे तयार करवितात, कारण सर्व रुजत नाहीत. जगातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नाने दुसरे जन्मले, आणि आपल्या मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी झाले. म्हणजे उरलेले भ्रूण हा प्रकार मूळ पेशींच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. ते गोठविले जात होते आणि टाकून दिले जात होते. संशोधकाने हात लावल्यावर ज्यांना त्यांची आठवण झाली, त्यांतील पुष्कळ जणांनी तोपर्यंत त्यांच्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

वाद कोठे पेटला?

मुख्यतः अमेरिकेत. तेथील अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ९ ऑगस्ट २००१ रोजी जाहीर केले की, त्या दिवसापर्यंत ज्या मूळ पेशींच्या वंशावळी तयार झाल्या आहेत त्यांच्यावरील कामालाच केंद्र सरकारचा पैसा मिळेल. यापुढे नवे भ्रूण मोडून काढलेल्या पेशींना नाही. ही संशोधनावरील बंदी नव्हती, पैशावरची होती. पुष्कळ ठिकाणी हे चुकीचे छापले जाते. त्यानंतर अमेरिकी सरकारी संस्थेने पात्र वंशावळींची जी यादी काढली, तिच्यात भारतातील दोन संस्था होत्या : मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बंगलोरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र. अमेरिकेची संसद ज्यावर भांडत होती त्या गोष्टीचे एक टोक आपल्या मुंबईत होते. आपल्या वस्त्यांत किंवा विहारांत त्याची चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांनी हे बंधन सैल करणारे विधेयक मंजूर केले. जुलै २००६ मध्ये बुश यांनी ते नाकारले. त्यांच्या कारकिर्दीतील तो पहिला नकाराधिकार. त्या वेळी त्यांच्याभोवती लहान मुले उभी होती. दुसऱ्या जोडप्यांनी उरलेले भ्रूण दिले आणि त्यांतून जी जन्मली, ती ही मुले. यांच्यापैकी कोणाला तुम्ही टाकाऊ म्हणाल, असा त्याचा अर्थ. युक्तिवाद भावनेचा होता, पण पोकळ नव्हता. मार्च २००९ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी ते बंधन काढले.

आता दुसरी बाजू पाहा. हार्वर्ड विद्यापीठातील डग्लस मेल्टन यांच्या तान्ह्या मुलाला इन्सुलिनवर जगावे लागणारा मधुमेह झाला. पुढे मुलीलाही झाला. मेल्टन यांनी आपले आधीचे काम सोडून या रोगाच्या मागे लागायचे ठरविले. सरकारी पैसा बंद, म्हणून खाजगी मदतीवर वेगळी प्रयोगशाळा उभारली आणि २००४ मध्ये मूळ पेशींच्या १७ नव्या वंशावळी तयार करून इतर शास्त्रज्ञांना खुल्या केल्या. आपले उरलेले भ्रूण स्वखुशीने देणाऱ्या जोडप्यांमुळे ते शक्य झाले. त्यांच्या संशोधनातून निघालेल्या उपचाराचा अहवाल जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला : पूर्ण मात्रा दिलेल्या १२ रोग्यांपैकी १० जणांना वर्षानंतर इन्सुलिनचे इंजेक्शन लागत नव्हते. मात्र बाहेरच्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. म्हणजे सुटका पूर्ण नाही. शिवाय बारा माणसे म्हणजे फार थोडी. पण ज्या घरात लहान मुलाला दिवसातून चार वेळा सुई टोचतात, त्या घराला हा आकडा काय वाटेल ते तुम्ही जाणता.

इतर धर्मांनी काय म्हटले, तेही थोडक्यात पाहू. कॅथलिक चर्च म्हणते, बीजसंयोग झाला त्या क्षणापासून भ्रूणाला व्यक्ती म्हणून वागविले पाहिजे. म्हणून हे संशोधन अमान्य, आणि टेस्ट ट्यूब उपचारही अमान्य. निदान यात सुसंगती आहे. यहुदी परंपरेत पहिल्या चाळीस दिवसांच्या गर्भाला मनुष्याचा दर्जा नाही, आणि बरेचसे मुस्लिम विद्वान एकशेवीस दिवसांनंतर आत्मा येतो असे मानतात. म्हणून एरवी एकमेकांचे वैरी असलेल्या इस्रायल आणि इराण या दोन्ही देशांत हे काम चालते. इंग्लंडमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९८४ मध्ये चौदा दिवसांची मर्यादा सुचविली आणि १९९० मध्ये तिचा कायदा झाला. चौदाच का? कारण साधारण त्या सुमारास भ्रूणावर कण्याच्या दिशेची पहिली रेघ उमटते आणि त्यानंतर एकाचे दोन, म्हणजे जुळे, होण्याची शक्यता संपते. आपल्याकडील नियमांतही चौदा दिवसांचीच मर्यादा आहे.

धम्माच्या कसोटीवर

पहिले शील प्राणघातापासून अलिप्त राहण्याचे आहे. आपल्या परंपरेच्या अट्ठकथांनी प्राणघाताची पाच अंगे सांगितली आहेत : जीव असणे, तो जीव आहे हे ठाऊक असणे, मारण्याची चेतना, त्यासाठी केलेला प्रयत्न, आणि मरण. विनयपिटकात मनुष्यहत्येचा नियम उलगडताना, मातेच्या उदरात पहिले विज्ञान उत्पन्न होते तेथपासून मरणापर्यंत मनुष्य, असे सांगितले आहे. डेमियन कीओन यांच्यासारखे अभ्यासक याच आधारावर म्हणतात की बौद्धाने भ्रूण-संशोधन मान्य करू नये. सासूबाईंची बाजू अडाणी नाही, हे यजमानांनी लक्षात घ्यावे.

पण पहिले विज्ञान कितव्या दिवशी उत्पन्न होते, हे तेथे दिवस मोजून सांगितलेले नाही. आणि काचेच्या बशीत तयार होऊन उणे १९६ अंश तापमानात ठेवलेला, कोणत्याही उदरात न गेलेला भ्रूण त्या काळच्या कोणाच्या डोळ्यांसमोर असण्याचे कारण नाही. तेव्हा ग्रंथात शब्द शोधून हा प्रश्न सुटणार नाही. कालामांना तथागतांनी जे सांगितले, ते अशाच वेळी उपयोगी पडते : परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यावर न थांबता स्वतः तपासा.

काही बंधू झटकन म्हणतील, आपण आत्मा मानत नाही, मग भ्रूणात आत्मा शिरतो केव्हा हा प्रश्नच आपल्याला नाही, खुशाल सही करा. थांबा. आत्मा तर तुमच्या-माझ्यातही नाही. म्हणून आपल्याला मारणे निर्दोष ठरते काय? अनात्मवाद हा जीव हलका करण्याचा परवाना नव्हे. त्याने एवढेच होते की, एका ठरावीक क्षणी माणूस पूर्ण तयार होतो, ही कल्पना आपल्याला सोडावी लागते. प्रतीत्यसमुत्पादाच्या दृष्टीने माणूस कारणे जुळत जातात तसा घडत जातो. पाच दिवसांच्या भ्रूणात मज्जातंतूची एकही पेशी नाही. सुखदुःखाची वेदना होईल असे इंद्रिय नाही. आणि ज्याला उदर मिळणार नाही, त्याची पुढची कारणेही जुळणार नाहीत.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, अशी त्यांची मांडणी आहे. आपल्या ताईंच्या मनात मारण्याची इच्छा नाही. मूल व्हावे म्हणून त्यांनी हे भ्रूण निर्माण केले. आता ते नष्ट होणे आणि कोणाच्या तरी उपयोगी पडून संपणे, एवढाच पर्याय आहे. त्यात करुणेच्या चेतनेने दुसरा मार्ग निवडणे म्हणजे शील मोडणे, असे मला वाटत नाही.

तरीही, नष्ट होणारच आहे तर वापरून घेऊ, हा युक्तिवाद मी एकट्याने पुरेसा मानणार नाही. तो कोठवर जातो, हे जर्मनीने पाहिले आहे. नाझी राजवटीत अपंग व मनोरुग्ण म्हणून ठार केलेल्यांचे मेंदू तेथील शास्त्रज्ञांनी संशोधनासाठी घेतले. ती माणसे मेलेलीच आहेत, मग मेंदू वाया का घालवा, असा त्यांचा विचार. ती आठवण असल्यामुळे जर्मनीत १९९० च्या कायद्याने संशोधनासाठी भ्रूण वापरण्यास बंदी आहे. २००२ मध्ये परदेशांत आधीच तयार झालेल्या पेशी आणण्यास तेवढी परवानगी मिळाली. म्हणजे भ्रूण दुसऱ्यांनी मोडायचे आणि पेशी आपण वापरायच्या, ही टीकाही झाली. माणूस कोणाला म्हणायचे हे दुसऱ्याने ठरविले की काय होते, याचा अनुभव आपल्या आजा-पणज्यांनाही आहे. म्हणून या प्रश्नावर जर्मनांची भीती आपल्याला कळली पाहिजे. भ्रूणाबाबत फरक हा की, तो कोणी हिसकावून घेतलेला नसावा. ज्यांचा आहे त्यांनी, समजून-उमजून, कोणत्याही दबावाशिवाय दिलेला असावा.

ज्या बाईचा विचार कोणी केला नाही

आणि इथे त्या वादाचा मोठा दोष दिसतो. सारे जण भ्रूणाकडे पाहत होते. बीज देणाऱ्या बाईकडे कोणाचे लक्ष नव्हते. दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्या.

सोल राष्ट्रीय विद्यापीठातील ह्वांग वू-सुक यांनी २००४ व २००५ मध्ये जाहीर केले की, आपण प्रतिरूप पद्धतीने मानवी भ्रूण तयार करून त्यातून मूळ पेशी काढल्या. दुसऱ्या वेळी तर त्या थेट रोग्यांच्या शरीराशी जुळणाऱ्या. देश वेडा झाला. चाकाच्या खुर्चीतून उठून धावणाऱ्या माणसाचे चित्र असलेले टपाल तिकीट निघाले. उरलेले भ्रूण या कामाला चालत नव्हते. ताजी स्त्रीबीजे लागत होती. दोन प्रबंधांत मिळून ४२७ स्त्रीबीजे वापरल्याचे लिहिले होते. नोव्हेंबर २००५ मध्ये बाहेर आले की, काही बीजे पैसे देऊन घेतलेली आणि काही त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुण संशोधिकांची होती. प्रमुखाने मागितल्यावर त्या मुलींनी नाही कसे म्हणायचे? चौकशीअंती बीजांची संख्या दोन हजारांच्या वर निघाली. आणि जानेवारी २००६ मध्ये विद्यापीठाच्या समितीने सांगितले की, रोग्यांशी जुळणारी एकही पेशी तयार झालेली नव्हती. सगळे बनावट. २००९ मध्ये न्यायालयाने त्यांना अफरातफर आणि स्त्रीबीजांच्या बेकायदा व्यवहाराबद्दल दोषी ठरविले. शिक्षा स्थगित ठेवली.

स्त्रीबीज देणे म्हणजे रक्त देणे नव्हे. आठ-दहा दिवस इंजेक्शने, मग भूल देऊन सुईने बीजे काढणे. काही स्त्रियांचे बीजाशय फुगते, पोटात पाणी साचते, क्वचित प्राणावर बेततेही. ज्या पेशी कधी अस्तित्वातच नव्हत्या त्यांच्यासाठी शंभराहून अधिक स्त्रियांनी हे सोसले. आपल्याला खटकणारी गोष्ट अशी की, ह्वांग यांच्या पडत्या काळातही त्यांच्या पाठीराख्यांत कोरियातील बौद्ध भिक्खू आणि उपासक मोठ्या संख्येने होते. बौद्ध माणूस देशाची कीर्ती वाढवितो आहे, एवढ्यावर ते भाळले. आपणही आपल्या माणसाच्या बाबतीत असे भाळतो. पण तो वेगळा पाठ होईल.

भारतात २०२१ च्या कायद्याने बीज देणाऱ्या स्त्रीला आयुष्यात एकदाच, आणि सातपेक्षा जास्त नाहीत, एवढीच बीजे देता येतात. भ्रूणांची विक्री हा गुन्हा आहे. कायदा चांगला आहे. पण पैशाची नड असलेली बाई कोणत्या वस्तीतून येते, हे तुम्हाला सांगायला नको.

या साऱ्यातून एक वाट जपानमध्ये निघाली. क्योटो विद्यापीठाचे शिन्या यामानाका यांनी मित्राच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकातून भ्रूण पाहिला आणि आपल्या मुलींची आठवण होऊन दुसरा मार्ग शोधायचे ठरविले, असे त्यांनीच सांगितले आहे. २००६ मध्ये उंदराच्या व २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशी त्यांनी उलट्या फिरवून मूळ पेशींसारख्या केल्या. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. भ्रूण लागत नाही, बीजही लागत नाही. मात्र भ्रूणातील पेशींची गरज संपलेली नाही. वर सांगितलेला मधुमेहाचा उपचार त्यांचाच आहे.

एक सावधगिरीची सूचना द्यावीच लागेल. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने स्नायू झिजत जाणाऱ्या मुलासाठी गावाकडचे दीड एकर विकून एका ठिकाणी 'स्टेम सेल' घेतल्या. मुलगा आहे तसाच आहे, जमीन गेली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक रोगांवरील मान्य उपचार सोडले, तर मंजूर चाचणीबाहेर रोग्याला मूळ पेशी देणे हा गैरव्यवहार मानला जातो. मंजूर चाचणीत भाग घेणाऱ्या रोग्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी चाचणी म्हणून पैसे मागत असेल, तर उठून बाहेर या.

आता ताईंचा कागद. दहा वर्षांच्या आत हा निर्णय घ्यावाच लागतो, कारण कायद्याने त्याहून अधिक काळ भ्रूण ठेवता येत नाहीत. संशोधनाच्या रकान्यात सही करण्यापूर्वी रुग्णालयाला चार गोष्टी विचाराव्यात, असे मी त्यांना लिहून दिले आहे : भ्रूण कोणत्या नोंदलेल्या संस्थेकडे जाणार, तेथील नैतिकता समितीने ते काम मंजूर केले आहे काय, त्याचे मोघम नाही तर नेमके काय करणार, आणि काम सुरू होण्यापूर्वी मन बदलले तर सही मागे घेता येईल काय. उत्तरे लेखी मागावीत. उत्तर मिळाले नाही तर त्या रकान्यात सही करू नये. भ्रूण नष्ट होऊ दिल्यानेही कोणतेही पाप लागत नाही.

रुग्णालयाने पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मुदत दिली आहे. त्याआधीच्या रविवारी सासूबाईंना घेऊन विहारात येते, असे ताई म्हणाल्या आहेत.